टीव्ही भिंतीवर कसा चढला

सप्टेंबर १९५१. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन गावी आरसीए कंपनीच्या प्रयोगशाळेत समारंभ होता. कंपनीचे प्रमुख डेव्हिड सार्नॉफ यांना रेडिओच्या व्यवसायात येऊन पंचेचाळीस वर्षे झाली होती आणि त्यानिमित्त प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात येत होते. मिन्स्कजवळच्या एका खेड्यातून लहानपणी न्यूयॉर्कला आलेल्या आणि तारायंत्रावर बोटे चालवत वर चढलेल्या या माणसाने त्या दिवशी आपल्या शास्त्रज्ञांकडे तीन भेटी मागितल्या आणि मुदत दिली पाच वर्षांची. पहिली भेट टीव्हीचे चित्र साठवणारी चुंबकीय फीत, दुसरी शांतपणे चालणारे इलेक्ट्रॉनिक वातानुकूलन यंत्र आणि तिसरी प्रकाशवर्धक. टीव्हीचे चित्र नळीच्या काचेत अडकून न राहता मोठ्या पडद्यावर लख्ख दिसावे, ही त्या तिसऱ्या मागणीमागची आस होती.

फीत पाच वर्षांत आली, पण ती आणली अँपेक्स या दुसऱ्याच कंपनीने. तिसरी भेट घरोघरी पोहोचायला मात्र अर्धे शतक जावे लागले. तोवर सार्नॉफ हयात नव्हते, आरसीए ही स्वतंत्र कंपनी उरली नव्हती आणि ही भेट जगाच्या हाती ठेवणारे लोक जपानमध्ये होते.

आज आपल्या बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर जो काळा चौकोन टांगलेला असतो, त्याच्यामागे हा सारा इतिहास आहे. तो आहे वजन उतरवण्याचा इतिहास. टीव्हीने किलोमागून किलो टाकले म्हणूनच तो टेबल सोडून भिंतीवर चढू शकला.

नळीचे ओझे

जुन्या टीव्हीचे सारे वजन चित्रनळीत होते. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे ती प्रथम बनवली. काचेच्या नळीतली हवा काढून घ्यायची, मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनचा झोत सोडायचा आणि समोरच्या काचेवरचा लेप त्या झोताने उजळायचा, ही तिची रचना. शतकभर मूळ कल्पना तीच राहिली.

अडचण त्या पोकळीतच होती. आत हवा नाही आणि बाहेरून वातावरण दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोच्या जोराने दाबते आहे. आपल्याकडे एके काळी घरोघरी असलेल्या २१ इंची टीव्हीच्या पडद्याचे क्षेत्रफळ चौदाशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे त्या काचेवर रात्रंदिवस सुमारे १४०० किलोंचा दाब. २९ इंची पडद्यावर तो अडीच टनांवर जातो. हा दाब सोसायचा तर काच जाड हवी. पडदा जितका मोठा, तितकी काच जाड आणि झोताला कोपऱ्यांपर्यंत वळायला जागा मिळावी म्हणून नळीही तितकी खोल. लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही एकदम वाढत, त्यामुळे पडदा थोडा मोठा केला तरी वजन भरमसाट वाढे. त्यात इलेक्ट्रॉनच्या आघातातून निघणारे क्ष-किरण अडवायला नळीच्या नरसाळ्याच्या काचेत शिसे आणि समोरच्या काचेत बेरियम व स्ट्रॉन्शियम मिसळावे लागे. झोत वळवणारी तांब्याची गुंडाळी नळीच्या मानेवर बसे. टीव्ही जड होता तो या सगळ्यामुळे.

या वाटेचे टोक सोनी कंपनीने १९८९ मध्ये गाठले. तिने ४३ इंची ट्रिनिट्रॉन संच विक्रीला काढला. त्याचे वजन दोनशे किलोंच्या घरात होते. तो उचलायला चार माणसेही पुरत नसत. घरात बसवता येईल अशी यापेक्षा मोठी चित्रनळी बनवणे जवळजवळ अशक्य आहे, हे त्या एका यंत्राने सिद्ध केले.

चित्रनळीच चपटी करण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम रॉस एकेन यांनी झोत बाजूने सोडून आत वळवणारी पातळ नळी बनवली. लंडनमध्ये डेनिस गाबोर त्याच वाटेवर होते. दोघांच्या नळ्या चालल्या, पण घराघरात पोहोचतील अशा संख्येने त्या कधीच बनल्या नाहीत. पोकळी होती तोवर जाड काचेचा जाच सुटणार नव्हता. वजन उतरवायचे तर नळीलाच रजा द्यायला हवी होती.

शाळेसाठी बनलेला पडदा

नळीला पर्याय सापडला तो टीव्हीच्या कारखान्यात नव्हे, विद्यापीठात. इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर ‘प्लेटो’ नावाची योजना चालवत होते. संगणकावरून मुलांना शिकवायचे, असा तिचा हेतू होता. विद्यार्थ्यासमोर चित्रनळी ठेवली तर तिच्यावरचे चित्र टिकवण्यासाठी ते दर क्षणी पुन्हा काढावे लागे आणि त्यासाठी लागणारी स्मृती त्या काळी फार महाग होती. चित्र स्वतःच धरून ठेवील असा पडदा त्यांना हवा होता. जुलै १९६४ मध्ये बिट्झर, त्यांचे सहकारी जीन स्लॉटो आणि विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी दोन काचांमध्ये वायू कोंडून, विजेच्या धक्क्याने त्याचा ठिपका उजळणारा पहिला प्लाझ्मा पडदा तयार केला. पुढे निऑन वायूमुळे या पडद्यांना नारिंगी प्रकाशाची ओळख मिळाली. १९७०च्या दशकात ‘प्लेटो’च्या वर्गांत असे नारिंगी पडदे प्रत्यक्ष वापरात आले.

या पडद्यात नळीसारखी खोल पोकळी नव्हती, झोत वळवायची गरज नव्हती. प्रत्येक ठिपका आपापल्या जागी उजळत होता. त्यामुळे पडदा कितीही मोठा केला तरी जाडी वाढत नव्हती. भिंतीवर टांगता येण्याजोग्या टीव्हीचे बीज इथे पडले होते. मात्र ते रुजायला तीस वर्षे लागली. रंग कसे आणायचे आणि ठिपक्यांचे आयुष्य कसे वाढवायचे, हे प्रश्न सोडवण्यात जपानमध्ये फुजित्सू कंपनीचे त्सुताए शिनोदा वर्षानुवर्षे गढून गेले. १९९२ मध्ये त्यांनी २१ इंची रंगीत प्लाझ्मा पडदा दाखवला. इकडे अमेरिकेत इलिनॉयच्याच लॅरी वेबर यांनी प्लाझ्मा पडद्यांच्या धंद्यावर मोठ्या कंपन्यांनी पाणी सोडले असतानाही त्यांवरचे काम चालू ठेवले. २००२ मध्ये प्लाझ्मा पडद्याच्या शोधाला तंत्रज्ञानाचा एमी पुरस्कार मिळाला, तेव्हा पहिल्या पडद्याला अडतीस वर्षे उलटली होती.

आरसीएने हातचे सोडले

त्याच १९६४ मध्ये सार्नॉफ यांच्या प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हाइलमायर हा तरुण संशोधक द्रवस्फटिकांवर प्रयोग करत होता. द्रवासारखे वाहणारे पण स्फटिकासारखी शिस्त पाळणारे हे पदार्थ प्रागमध्ये फ्रीड्रिख रायनित्झर यांना १८८८ मध्ये आढळले होते. विजेचा दाब दिला की अशा पदार्थाचा पातळ थर पारदर्शकाचा दुधाळ होतो, हे हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. २८ मे १९६८ रोजी आरसीएने न्यूयॉर्कमध्ये पत्रकार परिषद घेऊन हा शोध जाहीर केला.

भिंतीवरचा टीव्ही आता आलाच, असे तेव्हा अनेकांना वाटले. पण आरसीएची तिजोरी भरत होती ती चित्रनळ्यांवर. नळीची जागा घेणारे तंत्र स्वतःच पुढे रेटावे, ही हिंमत कंपनीने केली नाही. हाइलमायर १९७० मध्ये कंपनी सोडून गेले आणि काही वर्षांत तिने द्रवस्फटिकांचे कामच विकून टाकले. पिट्सबर्गला वेस्टिंगहाउस कंपनीत असेच घडले. हंगेरीतून आलेल्या पीटर ब्रोडी यांनी तिथे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यामागे एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर बसवून दाखवला. आजच्या प्रत्येक एलसीडी, म्हणजे द्रवस्फटिक पडद्याच्या, टीव्हीचा पाया हाच आहे. वेस्टिंगहाउसने १९७९ मध्ये तो प्रकल्प गुंडाळला.

आरसीएच्या शोधाची कथा जपानी दूरचित्रवाणीवरच्या एका माहितीपटात आली. तो शार्प कंपनीच्या तोमिओ वादा यांनी पाहिला आणि त्यांच्या मनात हे तंत्र ठाण मांडून बसले. आरसीएने शार्पसाठी पडदे बनवायला नकार दिला, तेव्हा शार्पने स्वतः कंबर कसली. १९७३ मध्ये तिचे एलसीडी पडद्याचे गणकयंत्र बाजारात आले. गणकयंत्रापासून टीव्हीपर्यंतची वाट शार्पने एकेक इंचाने कापली. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठात वॉल्टर स्पिअर आणि पीटर लकोंबर यांनी अस्फटिक सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बनवण्याची रीत शोधली होती. असे सिलिकॉन काचेवर मोठ्या आकारात पसरवता येत होते. या रीतीच्या जोरावर १९८८ मध्ये शार्पने १४ इंची रंगीत एलसीडी पडदा दाखवला. १९९१ मध्ये भिंतीवर टांगायचा ८.६ इंची एलसीडी टीव्ही तिने विक्रीला आणला. पडदा वहीच्या पानाएवढा आणि किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर. तरीही सार्नॉफ यांनी मागितलेल्या भेटीचे पहिले रूप दुकानात आले ते असे.

मोठा पडदा मात्र प्रथम प्लाझ्माने आणला. १९९७ मध्ये फिलिप्सचा ४२ इंची प्लाझ्मा टीव्ही अमेरिकेत १४,९९९ डॉलरना मिळू लागला. त्याची जाडी एका वितीहून कमी होती. पुढे एलसीडीने त्याला गाठले. शार्पचे अध्यक्ष कात्सुहिको माचिदा यांनी १९९८ मध्ये जाहीर केले की २००५ पर्यंत जपानमध्ये विकला जाणारा कंपनीचा प्रत्येक टीव्ही एलसीडी असेल. २००१ मध्ये शार्पचा एलसीडी टीव्ही ‘अ‍ॅक्वॉस’ आला. २००७ च्या अखेरच्या तिमाहीत जगात चित्रनळीच्या टीव्हीपेक्षा एलसीडी टीव्ही अधिक विकले गेले. २०१३ च्या अखेरीस पॅनासॉनिकने आणि २०१४ मध्ये सॅमसंग व एलजीने प्लाझ्माचे उत्पादन थांबवले. प्लाझ्माची काच जड होती, वीजही जास्त लागे. वजनाच्या या शर्यतीत शेवटी तोही मागे पडला.

नळीचा शेवट आणि औरंगाबाद

या उलथापालथीचा एक धागा थेट मराठवाड्यात येतो. आरसीएचा टीव्हीचा धंदा १९८० च्या दशकात आधी जनरल इलेक्ट्रिककडे आणि मग फ्रान्सच्या थॉमसन कंपनीकडे गेला. २००५ मध्ये थॉमसनने आपला रंगीत चित्रनळ्यांचा व्यवसाय विकायला काढला, तेव्हा तो घेतला औरंगाबादजवळ चितेगावला टीव्ही बनवणाऱ्या व्हिडिओकॉनने. इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधले नळ्यांचे कारखाने एका मराठवाडी उद्योगाकडे आले. हिशोब समजण्यासारखा होता. भारतासारख्या देशात स्वस्त टीव्हीला अजून कित्येक वर्षे मागणी राहील आणि ती नळीच भागवील. पण सपाट पडद्यांच्या किमती कोणाच्याही अंदाजाहून वेगाने कोसळल्या. काही वर्षांतच नळीची मागणी आटली. पुढे व्हिडिओकॉनवर आलेल्या संकटाला इतरही मोठी कारणे होती, पण नळीवरचा हा डाव उलटला हे खरे. ज्या नळीला जपण्यासाठी आरसीएने १९७०च्या दशकात भविष्य हातचे सोडले, तिच्या अस्ताचा भार अखेर इतक्या दूरवर येऊन पडला.

भिंतीची तयारी

पडदा सपाट झाला, पण तो टांगायचा कशाला? याचे उत्तर टीव्हीच्या कारखान्याबाहेर, फार आधी तयार झाले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतींना इजा न करता विजेची जोडणी करायचे काम निघाले. तोवरची रीत म्हणजे छिन्नीने मोठे भोक पाडून त्यात लाकडी गुटका ठोकायचा, भोवती गिलावा करायचा आणि गुटक्यात स्क्रू पिळायचा. जॉन रॉलिंग्ज या ठेकेदाराने १९११ च्या सुमारास तागाच्या धाग्यांची, प्राण्यांच्या रक्ताने चिकटवलेली लहानशी नळकांडी वापरली. स्क्रू आत शिरला की ती फुगे आणि भोकाच्या कडांना घट्ट धरे. आपले कारागीर ज्याला आजही रावल प्लग म्हणतात, तो हाच. १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी तो नायलॉनचा केला. हजाराहून अधिक पेटंटे नावावर असलेल्या या माणसाच्या त्या इवल्याशा करड्या तुकड्याने जगभरच्या भिंती भार पेलू लागल्या. आज आपण त्याला सरसकट गिट्टी म्हणतो.

दुसरा प्रश्न टीव्हीच्या पाठीचा होता. प्रत्येक कंपनीची भोके वेगळी असती, तर प्रत्येक टीव्हीला वेगळे ब्रॅकेट लागले असते. संगणकाच्या पडद्यांसाठी काम करणाऱ्या वेसा या संस्थेने १९९७ मध्ये माप ठरवून दिले. पाठीवर चार भोके, ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर. १०० मिलिमीटरच्या रचनेला १४ किलोंपर्यंतचे वजन नेमून दिले. मोठ्या पडद्यांसाठी पुढे २०० मिलिमीटरच्या टप्प्याने वाढणारी मापे आणि जाड स्क्रू आले. कोरियात बनलेला टीव्ही आणि लुधियानात बनलेले ब्रॅकेट आज एकमेकांना बसतात ते या निमूट करारामुळे.

दरम्यान टीव्ही हलका होत गेला. पडद्याची काच एक मिलिमीटरहून जाड होती, ती ०.७ आणि मग ०.५ मिलिमीटरपर्यंत उतरली. मागच्या प्रकाशासाठी लागणाऱ्या नळ्यांच्या जागी एलईडी आले. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ४२ इंची सपाट टीव्ही पंचवीस-तीस किलो भरे. आजचा ४३ इंची आठ-नऊ किलोंत येतो. २०१७ मध्ये एलजीने ६५ इंची ओएलईडी पडदा आणला. त्याची जाडी तीन मिलिमीटरहून कमी, वजन साडेसात किलोंच्या आसपास आणि भिंतीला तो चुंबकांनी चिकटत असे. दोनशे किलोंपासून साडेसात किलोंपर्यंतचा हा उतार तीस वर्षांच्या आतला आहे.

उरलेले वजन

इतके सगळे खरे असले, तरी वजन शून्यावर आले नाही. ते टेबलावरून भिंतीकडे गेले. टेबल जमिनीवर उभे असते, भार खाली जातो. भिंतीवर टांगलेली वस्तू खाली खेचते तशी पुढेही ओढते आणि वरच्या स्क्रूंना भिंतीतून उपसू पाहते. हा पुढचा ओढा समजून घेतला पाहिजे. २० किलोंचा टीव्ही भिंतीला लागून, सहा सेंटिमीटरवर टांगला आणि ब्रॅकेटच्या वरच्या-खालच्या स्क्रूंमध्ये २० सेंटिमीटर अंतर असले, तर वरच्या रांगेवर पुढे ओढणारा जोर सुमारे सहा किलोंचा. तोच टीव्ही फिरत्या हातावर बसवून ५० सेंटिमीटर पुढे ओढला, तर तो जोर ५० किलोंवर जातो. टीव्ही तोच, भिंत तीच, फरक फक्त हाताच्या लांबीचा.

अमेरिकेत घरांच्या आतल्या भिंती बहुधा लाकडी खांबांवर ठोकलेल्या अर्धा इंची जिप्समच्या फळ्यांच्या असतात. खांब सहसा सोळा इंचांवर असतात आणि तिथल्या ब्रॅकेटची रुंदीही दोन खांब गाठता यावेत अशीच ठेवलेली असते. आपली घरे निराळी. नऊ इंची विटेची भिंत वजन सहज पेलते. साडेचार इंची विटेची पडभिंतही नीट भोक पाडले तर पेलते. पण गिलावा ही भिंत नव्हे. गिट्टी गिलाव्यातच संपली, तर वजन वाळू-सिमेंटच्या पापुद्र्यावर लटकते. नव्या इमारतींत सिपोरेक्सचे ठोकळे असतात. स्वीडनमध्ये जन्मलेले हे हलके काँक्रीट पुण्यात बी. जी. शिर्के यांच्या उद्योगाने रुजवले. विटेच्या जवळपास तृतीयांश वजनाचे हे ठोकळे मऊ असतात. त्यात हॅमर ड्रिलने ठोकत भोक पाडले की कडा भुगा होऊन गळतात आणि गिट्टी सैल बसते. तिथे हातोडी बंद ठेवून भोक पाडावे, लांब गिट्टी किंवा सिपोरेक्ससाठीचे खास फास्टनर वापरावेत. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्यात पोकळ्या निघतात. भोक पोकळीत गेले तर जागा बदलण्याला पर्याय नाही. सुताराने प्लायवूडचे पॅनल केले असेल, तर स्क्रू पॅनल ओलांडून मागच्या भिंतीपर्यंत गेलाच पाहिजे.

आपल्या जुन्या वाड्यांत खुंट्या, कोनाडे आणि फडताळे भिंत उठतानाच ठरत. कुठे काय टांगायचे, याचा विचार गवंडी आधी करे. ती दृष्टी आज पुन्हा हवी आहे, कारण टीव्ही घरात आल्यावर भिंत बदलता येत नाही.

या साऱ्यात एक गोष्ट जीवनमरणाची आहे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या नोंदीनुसार २००० ते २०११ या काळात फर्निचर, टीव्ही किंवा घरगुती उपकरणे अंगावर पडून तिथे साडेतीनशेच्या आसपास माणसे दगावली. त्यांत बहुतेक लहान मुले होती आणि निम्म्याहून अधिक मृत्यू टीव्हीमुळे झाले होते. म्हणून तिथे २०१५ पासून टीव्ही आणि कपाटे भिंतीला बांधून ठेवण्याची मोहीम चालते. सपाट टीव्ही हलका असला तरी त्याचे पाय अरुंद असतात आणि भार पुढे असतो. कपाटावर नुसता उभा केलेला टीव्ही चढू पाहणाऱ्या मुलाच्या हाती लागला, तर आठ किलोही पुरे होतात. टांगायचा नसेल तर पट्ट्याने भिंतीला बांधा.

दुकानात पडद्याचे इंच विचारले जातात. त्याबरोबर चार प्रश्न आणखी विचारा. टीव्हीचे स्टँडशिवाय वजन किती, पाठीवरच्या भोकांचे माप काय, ब्रॅकेट किती किलोंचे आहे आणि आपली भिंत कशाची आहे. बसवायला आलेल्या माणसाला गिलाव्यापलीकडे किती खोल भोक पाडले ते दाखवायला सांगा आणि काम झाल्यावर टीव्ही चढवण्याआधी ब्रॅकेट दोन्ही हातांनी खाली व पुढे ओढून पाहा. टीव्ही हलका करण्याचे काम शास्त्रज्ञांनी पन्नास वर्षे खपून केले. उरलेले आठ-दहा किलो नीट पेलण्याची जबाबदारी आपली आहे.